दत्तक घ्यायचंय: मुंबईतून नोंदणी करावी की परदेशी गेल्यावर?

कॅनडाची नोकरी जवळपास पक्की आहे आणि मूलही दत्तक घ्यायचंय, अशी जोडपी आमच्या चर्चमध्ये अधूनमधून भेटतात. आमच्या घरात दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. आम्ही बोरिवलीतून नोंदणी केली, तर नणंद आणि तिच्या यजमानांनी टोरंटोहून.

आधी एक गैरसमज काढून टाका. परदेशातून अर्ज केला की बाळ लवकर मिळतं, असं नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर राहणाऱ्यांना 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) यादीत आपल्याइतकाच प्राधान्यक्रम असतो. निरोगी तान्ह्या बाळासाठी दोघांनाही तीन वर्षांहून जास्त थांबावं लागू शकतं. मोठं मूल, भावंडं किंवा विशेष गरजा असलेलं मूल यांचा विचार मनापासून करत असाल, तर प्रतीक्षा बरीच कमी होते. पण केवळ लवकर मिळतं म्हणून तो पर्याय निवडू नका.

आपल्या लोकांसाठी कायद्याची बाजू महत्त्वाची. 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती माणसाला लागू नाही. आजी-आजोबांच्या काळात अनाथ मूल घरी आणलं, तरी 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंतच. आज बाल न्याय कायदा धर्म बघत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्यामुळे शेजारी "दत्तकपत्र करून टाका" म्हणाले, तरी ते आपल्या कामाचं नाही. ओळखीच्या सिस्टरच्या आश्रमातून थेट बाळ आणणं तर गुन्हाच: कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड, किंवा दोन्ही. फादरच्या पत्राने यादीत नंबर वर सरकत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरा फरक होम स्टडीपासून, म्हणजे समाजसेवक घरी येऊन करतात त्या पाहणीपासून, जाणवतो. आमच्याकडे समाजसेविका आल्या, त्यांनी खिडक्यांच्या ग्रिल पाहिल्या, पगाराच्या स्लिपा घेतल्या आणि मग सासूबाईंजवळ बसून विचारलं, "दिवसा बाळाकडे कोण बघणार? सोसायटीत कोणी विचारलं तर काय सांगाल?" सासूबाई म्हणाल्या, "माझं नातवंड आहे म्हणून सांगेन." नणंदेची होम स्टडी तिथल्या परवानाधारकाने केली. तिला मुख्य प्रश्न होता, इथे तुमचं कोण आहे? तिथे आजी नाही, पाळणाघर महाग, आणि संस्थेची फी आमच्या खर्चाच्या कितीतरी पट.

मूल सुचवलं गेल्यावर ते राखून ठेवायला भारतात राहणाऱ्यांना 48 तास असतात. आम्ही वैद्यकीय अहवाल घेऊन लगेच आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, आणि नंतर रात्रीच्या गाडीने बाळाला भेटायला निघालो. नणंदेला ते सगळं व्हिडिओ कॉलवर करावं लागलं. पुढेही हेग कराराखालची (परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची) दोन्ही देशांची संमती, काराचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, बाळाचा पासपोर्ट आणि मग कॅनडाचा प्रवेश. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आम्हालाही लागला. सप्टेंबर 2022 पासून तो कोर्टाऐवजी तेच देतात. पण आमचं बाळ त्याआधीच घरी आलं होतं, दत्तकपूर्व संगोपनात. तिचं मूल मात्र कागद पुरे होईपर्यंत संस्थेत वाढत होतं, आणि ती फोटोतले दात मोजत होती. त्या महिन्यांत तिच्यासाठी आम्ही रोज रोझरी म्हणायचो.

माझं मत विचाराल तर, पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) अजून हातात नसेल तर परदेशी जाऊन नोंदणी करू, असा बेत करू नका. कॅनडात पीआर किंवा नागरिकत्व असल्याशिवाय मुलाला तिकडे नेण्यासाठी स्पॉन्सर करता येत नाही. शिवाय वाट बघण्यात वय जातं: दोन वर्षांखालच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयाची बेरीज 85 च्या आत लागते, आणि ती दर वर्षाला दोनने वाढते. पीआर आहे, घर बसलंय, चार माणसं जोडली गेली आहेत, तर तिकडूनच करा. नणंदेचं तसंच होतं आणि तिला ते जमलं.

सगळ्यात वाईट म्हणजे मधेच देश बदलणं. होम स्टडी तुमच्या राहत्या घराची असते, ती नव्याने करावी लागते. दत्तक आदेश झाल्यावर मात्र जाता येतं. मूल कसं आहे याच्या अहवालांचा दोन वर्षांचा पाठपुरावा संपायच्या आत निघालात, तर आधी तिथल्या भारतीय दूतावासाला कळवा. उरलेले अहवाल तिकडून होतात.