एक रुपयाची झुणका-भाकर, आता साठ रुपयांना

परळला हॉस्पिटलांच्या रांगेत फुटपाथवरचं एक जुनं झुणका-भाकर केंद्र अजून खरंच झुणका-भाकर विकतं, हीच मोठी बातमी. बाकी ठिकाणी कधीच वडापाव, डोसा, शेजवान राइस सुरू झालं. पाटीवरची अक्षरं तेवढी पुसट उरलीत.

इथे भाकरी ज्वारीची आणि ऑर्डर दिल्यावरच थापतात. मावशी परातीत पीठ चांगलं रगडून मळतात, पाण्याचा हात फिरवून भाकरी तव्यावर टाकतात, मग थेट जाळावर धरतात. टम्म फुगली की तुमच्या ताटात. झुणका कोरडा, मोकळा, कांदा सढळ हाताने घातलेला. कढईच्या बुडाला लागलेली खरपुडी मागितली तरच मिळते, तेव्हा लाजू नका. ठेचा जहाल आहे. दोन भाकऱ्या, झुणका, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा, सगळे मिळून साठ रुपये.

१९९५ ला शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं तेव्हा हेच एक रुपयात देणार म्हणाले, आणि दिलंही. मी खाल्लंय. भाकरी पापडासारखी, झुणक्यात पाणीच जास्त. तरी दुपारी रांग असायची, कारण रुपयात तेव्हा दुसरं मिळत काय होतं?

मुख्यमंत्री मनोहर जोशी, आमचे जोशी सर. मी त्यांच्याच दादरच्या कोहिनूर क्लासमधून वायरमनचा कोर्स केला, त्यामुळे ‘सर’ आपसूक तोंडात येतं. रायगडातल्या नांदवीचा गरिबाघरचा मुलगा, माधुकरी मागून शिकला, एम.ए., एल.एल.बी. झाला, महापालिकेत नोकरी केली, मग क्लास काढला. पुढे नगरसेवक, १९७६ ला महापौर. अशा माणसाच्या सरकारने रुपयात जेवण काढलं, यात मला ढोंग दिसत नाही. हिशेब मात्र कच्चा होता. हातात हुन्नर दिला की पोरगं कमावतं, हे ज्याने आम्हाला शिकवलं, त्याच्याच राज्यात केंद्रचालक अनुदानाच्या भरवशावर बसले. पुढच्या सरकारने योजना गुंडाळली आणि तव्यावर डोसे आले. चालकाला तरी दोष कसा द्यायचा?

राजकारण सरांचं पक्कं शिवसेनेचं. बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं ते त्यांच्याच काळात. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल, या त्यांच्या भाषणावरून त्यांची आमदारकीची निवडणूक रद्द झाली होती. डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती वाचवली. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल त्यांच्या सरकारने १९९८ मध्ये फेटाळला. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ४० लाख झोपडपट्टीवासीयांना फुकट घरं द्यायच्या आश्वासनाचं काय झालं, ते आमच्या चाळीसमोरच्या झोपड्यांना विचारा. पण गडकरींना बांधकाम खातं देऊन उड्डाणपूल उभे केले, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे काढला, ती कामं टिकली. रोज त्यावरून गाड्या धावतात. जानेवारी १९९९ ला खुर्ची गेली, नंतर लोकसभेचे अध्यक्षही झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

असो. केंद्रावर बसायला दोनच बाकडी आहेत, पेशंटच्या नातेवाइकांना आधी जागा द्या. दोननंतर झुणका संपतो. पिठलंही मिळतं, पण ते सकाळचंच गरम करून देतात, घेऊ नका. पैसे मोबाइलवरून चालतात. ताक वेगळं, दहा रुपये, चांगलं घुसळलेलं.