धूर पाहायचा की धूळ? सीमाभागासाठी उपग्रहचित्रांची निवड

फाल्गुन लागला, की खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानातील वणव्यांचा धूर आणि निपाणी-चिकोडीकडे उसाच्या फडांत जाळलेल्या पाचटाचा धूर, असे दोन्ही धूर सीमाभागाच्या हवेत असतात. अथणीच्या कोरड्या माळावर मात्र उन्हाळाभर धुरळाच उडतो. घरात दम्याचा रुग्ण असलेल्यांना, शाळेच्या मैदानी स्पर्धांची वेळ ठरवणाऱ्यांना आणि वणवा विझवायला जाणाऱ्या तरुणांना आज उपग्रहचित्रे विनामूल्य पाहता येतात. त्यांतले कोणते पाहावे, हे शोध धुराचा आहे की धुळीचा यावर ठरते.

धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान असतात आणि औष्णिक अवरक्त किरण, म्हणजे वस्तूंच्या उष्णतेमुळे निघणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण, त्यांतून जवळजवळ विनाअडथळा पार होतात. म्हणून रात्रीच्या अवरक्त चित्रात आग दिसू शकते, पण तिचा धूर दिसत नाही. धुरासाठी दिवसाउजेडी घेतलेले दृश्य प्रकाशातील चित्रच लागते. अशा चित्रांचे दोन मार्ग आहेत. सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवरील व्हिअर्स हे उपकरण दुपारी व रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जाते, ३७५ मीटरच्या बारकाईने आगीचे ठिपके टिपते, आणि हे ठिपके नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशाच्या संकेतस्थळावर साधारण तीन तासांत येतात. याउलट इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे भारताचे भूस्थिर (पृथ्वीवरील एकाच जागेच्या वर स्थिर दिसणारे) उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून प्रत्येकी अर्ध्या तासाला चित्र देतात. त्यांची बारकाई दृश्य प्रकाशात एक किलोमीटर, तर औष्णिक अवरक्तात चार किलोमीटर आहे. भीमगडच्या दरीतील लहान आग चित्राच्या एवढ्या मोठ्या चौकटीत (एका ठिपक्यात) हरवते, पण धुराचा मोठा पट्टा कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे ओळीने पाहिलेल्या चित्रांवरूनच कळते.

मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात लागले, तसे अनेक दिवस चालणारे वणवे घाटापलीकडे असतील, तर आग कोठे आहे हे व्हिअर्सवर शोधावे आणि धूर कोणीकडे वळला हे इन्सॅटवर पाहावे. एकच निवडायचे असेल, तर मी व्हिअर्स निवडेन, कारण उगम कळल्याशिवाय पट्ट्याचा अर्थ लागत नाही. फडांच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नये: उसाचा फड पेटून थोड्याच वेळात राख होतो, आणि तो दीडच्या फेरीत सापडला नाही तर त्याचा ठिपकाच उमटत नाही. उलट, एखाद्या कारखान्याची उष्णताही आग म्हणून नोंदली जाऊ शकते.

धुळीचे गणित वेगळे आहे. तिचे खनिज कण मोठे असून अवरक्ताच्या वेगवेगळ्या तरंगलांबी कमी-अधिक शोषतात. याच फरकावर युरोपच्या मेटिओसॅट या हवामान उपग्रहांचे धूळ-चित्र बेतलेले आहे. त्यांपैकी हिंदी महासागरावरील उपग्रह दर १५ मिनिटांनी, रात्रीसुद्धा, चित्र देतो आणि त्यात धूळ गुलाबी-किरमिजी दिसते. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडून मुंबई-पुण्यापर्यंत आलेल्या धुळीसारखी लांबची लाट पाहण्यासाठी हाच पर्याय उत्तम. हवेत बाष्प जास्त असले की हा रंग फिका पडतो, एवढे ध्यानात ठेवावे. वळवाआधीच्या वाऱ्याने अथणीत उठणारा धुरळा मात्र इतका लहान आणि क्षणिक असतो, की त्यासाठी उपग्रहापेक्षा आभाळाकडे पाहणे बरे.

सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाचा एरोसोल निर्देशांक (हवेत तरंगणाऱ्या कणांचा आकडा) दिवसातून एकदाच मिळतो आणि त्याची चौकट काही किलोमीटरची असते, पण ढगांच्या वर असलेला धूर व धूळ दोन्ही त्यात दिसतात. दृश्य चित्र ढगांनी झाकले गेले की तो उघडावा.

यांपैकी कोणतेही चित्र जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेचे असते. डोक्यावरून दोन किलोमीटर उंचीने जाणारा धूर त्यात गडद दिसेल, तरी अंगणातली हवा स्वच्छ असू शकते. म्हणून रुग्णाला बाहेर न्यायचे की नाही, हे ठरवताना जवळच्या हवा-मापन केंद्राचा पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा आधी पाहावा आणि चित्र नंतर.