पावसाळ्यात विमानाचं इंजिन: उडवत ठेवावं, सीलबंद करावं की कोरडी हवा द्यावी?

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर छोटं विमान जून ते सप्टेंबर उभं राहणार असेल, तर वरून कव्हर घालून भागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लागला की हँगरमधली हवाही ओलीच राहते. अथणी-रायबागकडची हवा कोरडी, तिथला अनुभव इथे चालत नाही.

त्यातून इंजिन लायकॉमिंग कंपनीचं असेल तर जास्त जपायला हवं. त्यांचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बहुतेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. इंजिन थांबलं की तेल हळूहळू खाली उतरतं आणि गंज आधी कॅमशाफ्टवरच धरतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे उडवणं. कंपनीची अट साधी आहे: ३० दिवसांच्या आत एकदा, सलग किमान एक तास, तेल ७४ ते ९३ अंश सेल्सिअसला ठेवून. पण आषाढात ढग इतके खाली असतात की नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्याला तशी उघडीप मिळेलच असं नाही. मग लोक जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालवतात. त्यापेक्षा न चालवलेलं बरं! पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. तेल पुरेसं तापलं नाही तर ते पाणी आतच राहतं आणि तेलात आम्ल तयार होतं.

दुसरा मार्ग सीलबंद करण्याचा. गंजरोधक तेल भरून इंजिन तापवायचं, सिलिंडरमध्ये तेच फवारायचं, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचे) प्लग लावायचे, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी) बंद करायचे. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. इथल्या हवेत हे लवकर होतं, म्हणून दर आठवड्याला बघणारं माणूस हवं. फवारल्यावर प्रोपेलर फिरवायचा नाही, तेलाचा थर पुसला जातो.

तिसरा, पंपाने सिलिका जेलमधून कोरडी हवा इंजिनात फिरवत राहणं. खर्च बेताचा, क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) आतून छान कोरडी राहते. पण झडपा बंद असलेल्या सिलिंडरमध्ये ती हवा फारशी पोचत नाही, आणि वादळी पावसात करंट गेला की पंप बंद.

महिन्याभराचाच प्रश्न असेल आणि हँगरमध्ये वीज भरवशाची असेल, तर पंप घ्या. चार महिने उभं राहणार असेल, तर मी सीलबंदच करीन, तेही मे संपायच्या आत, हवा कोरडी असताना. प्रोपेलरवर ‘फिरवू नये’ अशी लाल पट्टी बांधा, आणि पुन्हा सुरू करताना खालचे प्लग काढून साठलेलं तेल आधी निथळू द्या.