गिट आणि गिटहब: सरावाचा कोड जपण्यासाठी काही महिने वापरल्यानंतर

कोडिंग शिकवणाऱ्या साइट्स आपली प्रगती जपतात. कोड जपतीलच असं नाही. धडा पूर्ण झाल्याची हिरवी टिक खात्यावर राहते, पण आपण लिहिलेल्या ओळी बऱ्याचदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्येच, म्हणजे त्याच मशीनवरच्या साठ्यात असतात. दुसऱ्या मशीनवर लॉगिन केलं की टिक हजर, एडिटर कोरा. इनकॉग्निटो विंडो बंद केली की तेही गेलं. सफारी तर २०२० पासून, ब्राउझर वापरल्याच्या ७ दिवसांत साइटकडे फिरकलं नाही तर हा साठा स्वतःच पुसते. कधी अख्खी सेवाच आवरती घेतली जाते. ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवू देणाऱ्या ग्लिचने जुलै २०२५ मध्ये प्रोजेक्ट होस्टिंग बंद केलं.

म्हणून आता सगळा सराव माझ्या फोल्डरमध्ये, त्यावर गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), आणि प्रत गिटहबवर (तो इतिहास ऑनलाइन ठेवणारी साइट). खाजगी रेपो (फक्त आपल्याला दिसणारे प्रोजेक्ट) २०१९ पासून फुकट आहेत, त्यामुळे कच्चं काम चारचौघांत मांडावं लागत नाही.

सुरुवात कंटाळवाणी आहे. लूप शिकायचे सोडून हे ॲड (बदल निवडा), कमिट (इतिहासात नोंदवा), पुश (गिटहबवर पाठवा) कशाला, असं वाटतंच. त्यात टर्मिनलवरून पुश करताना गिटहब खात्याचा पासवर्ड घेत नाही, पासवर्डऐवजी टोकन किंवा एसएसएच की (ओळख पटवणाऱ्या खास किल्ल्या) लागते. व्हीएस कोड या एडिटरमधून साइन इन केलं की ही कटकट वाचते. आणि कमिट म्हणजे बॅकअप नव्हे! पुश करेपर्यंत सगळं आपल्याच डिस्कवर असतं.

मला बॅकअपपेक्षा जास्त उपयोग झाला तो वेगळाच. चालणारा कोड बिनधास्त मोडता येतो. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) जमतंय का पाहायला नवी ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी वाट, काढायची, नाही जमलं तर टाकून द्यायची. कमिटच्या मेसेजात मी मराठीतच लिहितो: ‘रिकामी यादी दिल्यावर फंक्शन कोसळत होतं, आधी लांबी तपासली.’ तोच घोळ पुन्हा समोर आला की गिट लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) उत्तर सापडतं, तेही माझ्याच शब्दांत. साइटच्या टिकमधून हे कधीच कळलं नसतं.

नोटबुकसाठी (कोड आणि त्याचं आउटपुट एकत्र ठेवणारी फाइल) मात्र गिट तितकं सुखाचं नाही. आतून ती जेसॉन (माहिती साठवायचा मजकूर-प्रकार) फाइल असते, त्यामुळे एक ओळ बदलली तरी डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेत) आउटपुटचा कचरा दिसतो. गूगलच्या कोलॅबवर नोटबुक ड्राइव्हमध्ये राहतं, पण रनटाइमवर (कोड चालवणाऱ्या तात्पुरत्या मशीनवर) तयार झालेली सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल, रनटाइमबरोबर जाते. ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल पहिल्या कमिटआधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाका, कारण नंतर फाइल काढली तरी की इतिहासात राहते.

साइटच्या एडिटरमधला कोड फाइलमध्ये अजूनही हातानेच चिकटवावा लागतो. दोष गिटचा नाही, तरी अर्धा तारा कापतोय. साडेचार.