कोकणात पीच कॉब्लर करायचा तर: ताजं पीच, डब्यातलं पीच की आपला आंबा?

गेल्या आठवड्यात चिपळूणहून भाचीचा फोन आला. "मावशी, दहा-बारा माणसं जेवायला यायचीत. मेच्या शेवटी की जूनच्या शेवटी, ते अजून ठरायचंय. पीच कॉब्लर करीन म्हणते. डबा आणू, ताजी पीचं शोधू, की सरळ आंबाच घालू?" मी तिला म्हटलं, "अगं, आधी तारीख ठरव, फळ आपोआप ठरेल." पण तेवढ्याने भागत नाही. वरचं आवरण कुठलं करायचं आणि भाजायचं कशावर, हेही त्याच्याशी बांधलेलं आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत मी हा पदार्थ बऱ्याच तऱ्हांनी करून पाहिलाय, म्हणून तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते.

कॉब्लर म्हणजे खाली रसदार फळ, वर मैद्याचं जाडसर आवरण, आणि दोन्ही एकाच भांड्यात एकदम भाजलेलं. अमेरिकेत जाऊन वसलेल्या इंग्रजांकडे मायदेशातल्या पुडिंगांचं सामान नव्हतं, भांडीही नव्हती. मग त्यांनी भांड्यात फळ शिजवून वर पिठाचे गोळे टाकायला सुरुवात केली. तिकडे आजही चुलीवर कॉब्लर करतात तो जड लोखंडी भांड्यात. त्याच्या झाकणाला उभा काठ असतो, वर ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून. ते झाकण चित्रात पाहिलं तेव्हा मला आमच्या घरचं धोंडस आठवलं. जून झालेलं तवसं (मोठी काकडी), तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, खाली विस्तव आणि वर निखारे. पदार्थ परका असला तरी भाजायची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. शिवाय कॉब्लरला अंडं लागत नाही, त्यामुळे घरात अंडं न खाणारी माणसं असली तरी अडत नाही.

फळ

पीच आपल्याकडे होत नाही आणि होणारही नाही. त्या झाडाला हिवाळ्यात कित्येकशे तास ७ अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते, तरच ते नीट फुलतं. म्हणून ते पिकतं हिमाचलात, उत्तराखंडात, काश्मिरात. पंजाबात कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत, त्यांचं फळ लवकर येतं. डोंगरातलं चांगलं पीच जून-जुलैत बाजारात असतं, म्हणजे नेमका आपला आंबा संपतो तेव्हा. वाशीहून नाहीतर पुण्या-कोल्हापूरकडून घाट उतरून ते आपल्यापर्यंत पोचतं. प्रत्येक फळ फोमच्या जाळीत बसवलेलं असलं तरी वाटेत दबतंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याला आंब्याची सवय आहे. आपण कच्चा आंबा उतरवतो, आढीत घालतो आणि तो गोड होतो. आंब्यात पिष्ट (स्टार्च) भरलेलं असतं, पिकताना त्याची साखर होते. पीचमध्ये असं पिष्ट जवळजवळ नसतंच. झाडावरून उतरल्यावर ते मऊ होतं, वास सुटतो, पण गोडी उतरवलं तेव्हा होती तेवढीच राहते. म्हणून कडक, हिरवट पीच स्वस्त मिळालं म्हणून आणून पेंढ्यात ठेवू नका. मी ठेवली होती दीड किलो. चार दिवसांनी मऊ झाली, आंबटतुरट राहिली आणि दोन कुजली. विकत घेताना देठाची खळगी बघा: तिच्याभोवतीचा रंग पिवळसर हवा, हिरवा नको. लाली किती आहे यावर जाऊ नका, ती जातीप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे बदलते. नाकाशी धरलं की वास यायला हवा.

असं फळ मिळालं तर ताज्या पीचची सर कशालाच नाही, हे मी ठामपणे सांगते. भाजल्यावर त्याची आंबटगोड चव टिकते, फोड आकार धरते आणि सालीजवळचा लालसर रंग पाकात उतरतो. मेहनत मात्र आहे. उकळत्या पाण्यात पाऊण मिनिट टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात घातली की साल निघते. काही जातींची कोय सुटी होते, काहींची गराला घट्ट चिकटलेली असते. तशी असली तर कोयीभोवती सुरीने कापे काढायचे, ओढाताण करायची नाही.

डब्यातलं पीच ही सोय आहे, आणि कोकणात सोयीला मोल आहे. आगोटच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, खरेदीत दोन डबे भरून ठेवले की गणपतीपर्यंत चिंता नाही. घाट बंद झाला, बाजार ओस पडला, तरी पाहुण्यांपुढे गोड ठेवता येतं. पण डबाबंद करताना ते फळ एकदा शिजलेलं असतं आणि साखरेच्या पाकात मुरलेलं असतं. त्यामुळे दोन चुका सर्रास होतात. पाकासकट ओततात, मग खालचा भाग पाणीदार आणि अतिगोड होतो. किंवा पातळ फोडी करतात, त्या भाजताना विरघळून जातात. पाक गाळून घ्या, अर्धा बाजूला ठेवा, फोडी जाड ठेवा, लिंबाचा रस सढळ हाताने घाला. मोठ्या डब्यात पाक काढल्यावर साधारण अर्धा किलो फळ उरतं, सहा माणसांना तेवढं पुरतं.

आता आंबा. मे महिन्यात अंगणात आंब्यांच्या राशी असताना डबा का उघडायचा, हा प्रश्न रास्त आहे. पण पिकलेल्या हापूसचा कॉब्लर करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आमरस आटवताना सगळं घर घमघमतं ना? जो वास घरभर पसरतो तो पातेल्यातून गेलेला असतो. हापूसचं सगळं वैभव त्या वासात आहे आणि पाऊण तासाच्या भट्टीत त्याचा गोड मुरंबा उरतो. तो फळ म्हणून खावा, रस काढावा, फार तर कॉब्लरशेजारी गार फोडी ठेवाव्यात. त्यातून हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग, निघायची धास्ती असतेच.

कॉब्लरला चालतो तो रत्ना. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली ही जात १९८१ साली प्रसारित झाली. गर घट्ट, रेषा नाही, साका नाही, म्हणून फोडी भट्टीतही फोडीच राहतात. तो पूर्ण पिकायच्या एक-दोन दिवस आधी कापायचा, सोबत अर्धी कैरी किसून घालायची. कैरीशिवाय आंब्याचा कॉब्लर मिट्ट गोड लागतो, दोन घासांनंतर हात थांबतो. पायरी रसाळ पडते आणि रायवळच्या रेषा दातांत अडकतात, दोन्ही नकोत. काप्या फणसाचे गरे घालून मी एकदा पाहिलं. चव वाईट नव्हती, पण फणसापुढे बाकी कशाचाच वास उरला नाही. अननस चांगला होतो, आंबटपणा आयताच मिळतो, फक्त रस खूप सुटतो म्हणून आधी परतून आटवावा लागतो.

वरचं आवरण

पुस्तकांत दोन तऱ्हा आढळतात. पहिलीत थंडगार बटर मैद्यात चोळून, दुधाने जेमतेम गोळा जमवून त्याचे तुकडे फळावर ठेवतात. दुसरीत भांड्यात बटर वितळवून त्यावर सरसरीत घोळ ओततात, वरून फळ सोडतात आणि काहीही ढवळत नाहीत. भाजताना घोळ फुगून फळांमधून वर येतो.

पहिली तऱ्हा खायला अधिक देखणी: वरून कुरकुरीत, आत पदरदार. पण तिचा सगळा खेळ बटरचे कण भट्टीत जाईपर्यंत घट्ट राहण्यावर आहे. ते आत वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ३३-३४ अंश असतात, त्या उष्म्यात बटर बोटांतच वितळतं. मग पदर कुठले, दामट्या होतात. करायचाच असेल तर पहाटे करा, मैदाही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि बटर फ्रीझरमधून काढून किसणीवर किसा, हाताने चोळू नका. पावसाळ्यात दुसरी अडचण: दुपारी कुरकुरीत असलेलं आवरण संध्याकाळी सादळतं.

म्हणून किनाऱ्यावर मी घोळाची तऱ्हा निवडते. बटर वितळलेलंच हवं असल्यामुळे उष्म्याचं भय नाही. केकसारखं मऊ आवरण होतं, ते दुसऱ्या दिवशीही बरं लागतं. नऊ इंची चौकोनी भांड्याला १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, १७५ मिली दूध आणि ७५ ग्रॅम बटर. बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. फळ अर्धा किलो. ताजं पीच असेल तर चार चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लावून तीन-चार मिनिटं उकळू द्या आणि गरमच सोडा. डब्यातलं असेल तर ही चार चमचे साखर वगळा आणि ठेवलेल्या अर्ध्या पाकात कॉर्नफ्लोअर कालवून फळासह गरम करा. आंब्याला पाक जेमतेम सुटतो, त्याला कॉर्नफ्लोअर लागत नाही. घोळातली साखर मात्र एक-तृतीयांश कमी करा. कॉर्नफ्लोअरऐवजी घरची तवकीर असेल तर अवश्य वापरा, पाक काचेसारखा स्वच्छ दिसतो.

दालचिनी पीचला शोभते, पण परसातलं जायफळ असेल तर तेच किसा, आंब्यालाही तेच जुळतं. घोळात दुधाऐवजी नारळाचं दूध घातलं तर आंब्याबरोबर फार सुरेख लागतं. पीचबरोबर घालू नका, पीचची चव हलकी असते, ती दबते.

पावसाळ्यात बेकिंग पावडर आधी तपासा. चिमूटभर गरम पाण्यात टाकली की सणसणून फेस यायला हवा. सादळलेली पावडर घातलीत तर घोळ वर यायचाच नाही आणि खाली बटरचं तळं साचेल.

भट्टी

वीज असेल तर ओटीजीला, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनला, तोड नाही. आधी १५ मिनिटं तापवून, दोन्ही दांड्या चालू ठेवून १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. भांड्याखाली एक ताटली ठेवा, पाक उतू जातो.

पण जूनमध्ये वीज असेलच असं धरून चालू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. तेवढं मोठं संकट नसलं तरी पहिल्या पावसात तास-दोन तास वीज जाणं नेहमीचंच, आणि घरगुती इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही, तो फार वीज ओढतो. भाजायला ठेवून अर्धा तास झाला असेल आणि वीज गेली, तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेत बराचसा होऊन जातो. दहा-पंधरा मिनिटांतच गेली तर भांडं उचलून कढईत हलवा. त्यासाठी अशा दिवसांत काचेचं भांडं न घेता ॲल्युमिनियमचंच घ्या.

गॅसवर जाड कढईत मीठ पसरून, मध्ये तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवायचं, मग भांडं आत ठेवून मंद आचेवर तासभर. आवरण शिजतं, पण वरून पांढरं राहतं. पहिल्या तऱ्हेचे पिठाचे गोळे तर इथे वाफेवर उकडल्यासारखे होतात, ते गॅसवर करूच नका.

चूल असेल तर? तर मी गॅसपेक्षा चूल सांगेन. जाड लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमचं भांडं, खाली जाळ काढून नुसता विस्तव, आणि सपाट झाकणावर करवंटीचे निखारे. करवंटीचा निखारा कडक असतो आणि बराच वेळ टिकतो. वर खालच्यापेक्षा अधिक निखारे ठेवायचे, नाहीतर तळ करपतो. पितळेचं भांडं घ्यायचं तर कल्हई पक्की हवी, फळ आंबट आहे. धुराचा किंचित वास लागलेला पीच कॉब्लर मला ओटीजीतल्यापेक्षा आवडतो, आणि ज्यांना धोंडस करता येतं त्यांना तो पहिल्या खेपेतच जमेल.

भाचीला शेवटी असं सांगितलं: मेच्या शेवटी बोलावणार असशील तर रत्ना आणि कैरी, नारळाच्या दुधातला घोळ, ओटीजी. जूनच्या शेवटी असेल तर चार दिवस आधी बाजारात चक्कर मार. वासाचं पीच दिसलं तर किलोभर घे आणि दुसऱ्याच दिवशी साफ करून, साखर लावून फ्रिजमध्ये ठेव. नाहीच मिळालं तर दोन डबे. माणसं बारा आहेत, तेव्हा एक मोठं भांडं करू नकोस, दोन लहान कर, मधला भाग कच्चा राहत नाही. कडेने पाक खदखदताना दिसला पाहिजे, त्याशिवाय कॉर्नफ्लोअर घट्ट होत नाही. बाहेर काढल्यावर अर्धा तास कुणालाही चमचा लावू देऊ नकोस, तेवढ्या वेळात पाक आळतो.

"आणि आईस्क्रीम?" तिने विचारलं.

वीज असेल तर आण.