हॉलीवूडचे रिमेक आणि त्यांचे मूळ सिनेमे, जोडीजोडीने : काही महिन्यांच्या ओटीटी वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत ऑफर होती म्हणून दोन ओटीटींचे वार्षिक प्लॅन एकदमच घेतले. डोक्यात एकच गोष्ट होती. हॉलीवूडचा एखादा रिमेक आणि तो ज्यावरून काढला तो मूळ सिनेमा, दोन्ही लागोपाठ पाहायचे. ‘हॉलीवूडला आता नवीन काही सुचतच नाही’ असं आपण सगळेच बोलतो. ते कितपत खरं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आता पावसाळा सुरू झालाय, प्लॅन संपत आलेत आणि ‘घ्यावं का?’ असं विचारणारेही बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ॲपबद्दल. नावं घेत नाही, कारण दोन्हीकडे कमीअधिक तीच रड आहे. सिनेमाचं नाव टाकलं की आधी नवा येतो. जुना खाली कुठेतरी असतो, किंवा नसतोच. नसला की वेगळे पैसे भरून भाड्याने घ्यावा लागतो. म्हणजे ज्याच्या जिवावर नवा सिनेमा उभा राहिला तोच प्लॅनमध्ये नाही. एका जुन्या कृष्णधवल सिनेमाची चौकोनी फ्रेम वरून-खालून कापून आडवी केली होती, माणसांची डोकी कपाळापासून उडालेली. कस्टमर केअरला लिहिलं, तर ठरलेलं उत्तर आलं. चित्राचा दर्जा मात्र नव्या सिनेमांसाठी उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. जाहिरातींचा स्वस्त प्लॅन घेऊ नका. थरारपटात ऐन वेळी साबणाची जाहिरात आली की सगळा मूड जातो.

आता मूळ मुद्दा. सुरुवात ‘द लायन किंग’पासून केली. पहिला 1994चा, हाताने काढलेला, 88 मिनिटांचा. दुसरा जॉन फॅवरोचा, 2019चा, तो दोन तासांच्या जवळ जातो. नव्याला ‘लाइव्ह ॲक्शन’ (म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याने चित्रित केलेला) म्हणायची पद्धत पडली असली तरी तोही संगणकावरच घडवलेला आहे. त्यातलं कॅमेऱ्याने खरोखर टिपलेलं दृश्य एकच, सुरुवातीच्या सूर्योदयाचं, असं फॅवरोने स्वतः सांगितलंय. म्हणजे कारागिरी अफाट. आयाळीचा केस न् केस वाऱ्यावर हलतो.

पण एक करून बघा. सिंबा या छाव्याचा बाप, सिंहांचा राजा मुफासा मरतो तो प्रसंग दोन्ही सिनेमांत टीव्हीचा आवाज बंद करून पाहा. जुन्यात सिंबा बापाला ढकलतो, कान ओढतो, मदतीसाठी ओरडत पळतो, परत येतो आणि बापाच्या पंजाखाली शिरून अंग चोरून निजतो. आवाज नसतानाही भुवया, पडलेले कान, डोळ्यांतलं पाणी सगळं बोलतं. घशाशी आवंढा येतो. नव्यात आवाज बंद केला की एक सुंदर छावा एका सुंदर सिंहाशेजारी दिसतो, बस्स. खऱ्या सिंहाच्या चेहऱ्याला भुवया उंचावता येत नाहीत, ओठ थरथरवता येत नाहीत. खरेपणासाठी एवढा आटापिटा केला आणि नेमकी ज्या गोष्टीवर हा सिनेमा उभा होता तीच गेली. खलनायक स्कारचं ते जबरदस्त गाणंही छाटून बरंचसं बोलण्यावर आणलंय. हिंदी डबिंगमध्ये टिमॉनला श्रेयस तळपदेचा आवाज आहे, तो ऐकायला मजा येते. आमच्या घरी त्या भागापुरता सगळे हसले.

आणि या सिनेमाने जगभरात 160 कोटी डॉलरहून जास्त कमावले. सगळं दुखणं इथेच आहे. 2010मध्ये डिस्नेच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ने 100 कोटींचा टप्पा ओलांडला, 2017मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ त्याच्याही बराच पुढे गेला, आणि मग कपाटातली एकेक जुनी फिल्म काढायचा सपाटाच लागला. 2025मध्ये ‘स्नो व्हाइट’ आपटला तेव्हा वाटलं, आता तरी थांबतील. पण दोनच महिन्यांनी ‘लिलो अँड स्टिच’ आला आणि त्याने 100 कोटी पार केले. थांबायचं कारणच उरलं नाही.

स्टुडिओवाले असं का करतात हे न समजण्यासारखं नाही. मोठ्या सिनेमाच्या जाहिरातीवर कधीकधी तो बनवायला लागतात जवळपास तेवढेच पैसे जातात. नाव आधीच माहीत असलं की ‘हा सिनेमा कशाबद्दल आहे’ हे जगभर समजावत बसावं लागत नाही. शिवाय खेळणी, टी-शर्ट, थीम पार्क हे सगळं जुन्या नावावर पुन्हा चालतं. अभिनेता मॅट डेमनने 2021मध्ये एका मुलाखतीत याची दुसरी बाजू फार सोप्या शब्दांत सांगितली होती. पूर्वी सिनेमा थिएटरमध्ये जेमतेम चालला तरी काही महिन्यांनी डीव्हीडी निघायची आणि जणू दुसऱ्यांदा प्रदर्शित झाल्यासारखे पैसे यायचे. तो आधार गेला. त्यामुळे मधल्या बजेटचे, माणसांच्या गोष्टी सांगणारे सिनेमे काढणं जुगार झालं. हे पटतं. पण पटलं म्हणून राग जात नाही. आज डीव्हीडीच्या जागी जे ओटीटी आलंय त्याचे पैसे आपण दरमहा भरतोच आहोत, आणि तिथेही उघडल्या उघडल्या पहिल्या ओळीत तीच ओळखीची नावं दिसतात.

काही जोड्यांवर जास्त लिहिण्यासारखं नाही. ‘सायको’ हिचकॉकचा 1960चा, आणि गस व्हॅन सँटने 1998मध्ये जवळजवळ शॉटला शॉट जुळवून काढलेला रंगीत. पटकथा तीच, बर्नार्ड हरमनचं संगीतही तेच. दुसरा पाहताना पूर्ण वेळ मनात पहिलाच चालू राहतो. वेळ घालवू नका.

‘द व्हॅनिशिंग’चं मात्र खरंच वाईट वाटलं. जॉर्ज स्लाउझर या दिग्दर्शकाने 1988मध्ये हा डच सिनेमा केला. प्रवासात पेट्रोल पंपावर थांबलेली एक तरुणी नाहीशी होते, आणि तिचा प्रियकर पुढची काही वर्षं तिचं काय झालं ते शोधत राहतो. शेवट सांगणार नाही, पण तो पाहिल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने हॉलीवूडसाठी तोच सिनेमा पुन्हा केला, आणि त्यात शेवट बदलून गोड झाला. माणूस तोच, गोष्ट तीच. फक्त प्रेक्षकाला अस्वस्थ करून घरी पाठवायचं नाही असं ठरलं आणि सिनेमाचा जीवच काढून घेतला गेला. परदेशी सिनेमा उचलून इंग्रजीत करण्यामागे ‘आमचे लोक सबटायटल वाचत नाहीत’ हे कारण नेहमी दिलं जातं. इथे तर सबटायटलचा प्रश्नच नव्हता, धाडस नव्हतं.

आपल्याकडे हे ‘सैराट’च्या बाबतीत आपण पाहिलंच आहे. 2016च्या नागराज मंजुळेंच्या सिनेमात जात प्रत्येक फ्रेममध्ये आहे. कोण कोणाच्या विहिरीत पोहतं, वर्गात कोण कोणाच्या कानाखाली मारतं, सगळ्यात ती आहे. 2018च्या हिंदी ‘धडक’मध्ये गोष्ट उदयपूरला गेली, गाण्यांच्या चाली आल्या आणि जात पुसट होऊन एक श्रीमंत-गरीब प्रेमकथा उरली. ‘सैराट’ मनापासून आवडलेल्या माणसाला त्या दिवशी जे वाटलं तेच डच प्रेक्षकाला 1993मध्ये वाटलं असणार.

मग रिमेक करूच नयेत का? असं मी म्हणणार नाही, आणि या सगळ्या महिन्यांत हाती लागलेली मोलाची गोष्ट हीच आहे. ‘द माल्टीज फाल्कन’ आज सगळे ज्याला अभिजात म्हणतात तो 1941चा, जॉन ह्यूस्टनचा पहिलाच सिनेमा, आणि तो रिमेक आहे. त्याच कादंबरीवर त्याच वॉर्नर ब्रदर्सने 1931 आणि 1936मध्ये सिनेमे काढले होते. 1931चा पाहिला. वाईट नाही, पण कादंबरीतला तो थंड, कोणावरच विश्वास नसलेला डिटेक्टिव्ह त्यात सापडलेलाच नव्हता. ह्यूस्टन आणि ती भूमिका करणाऱ्या हम्फ्री बोगार्टला तो सापडला.

त्याहून भारी ‘द फ्लाय’. 1958च्या सिनेमात शास्त्रज्ञाचं आणि माशीचं डोकं एका फटक्यात बदलतं आणि उरतो तो चादरीखालचा चेहरा कधी दिसणार एवढाच सस्पेन्स. 1986मध्ये डेव्हिड क्रोननबर्गने ती कल्पना तेवढी घेतली आणि बदल हळूहळू केला. शास्त्रज्ञ झालेल्या जेफ गोल्डब्लमला आधी वाटतं आपण ताकदवान झालो, तरुण झालो. मग नखं निघतात. मग कान गळतो. बाथरूममधल्या औषधांच्या कपाटात तो स्वतःचे गळून पडलेले अवयव नीट मांडून ठेवतो, आणि आपल्या प्रेयसीशी त्याबद्दल शांतपणे बोलतो. किळस येते आणि त्याच क्षणी त्याची कीवही येते. घरात दुर्धर आजार पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग भुताखेतांचा वाटणारच नाही. मेकअपचं ऑस्कर मिळालं, पण गोल्डब्लमलाही मिळायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे जिथे पहिल्या वेळी काहीतरी राहून गेलं होतं, तिथे दुसऱ्यांदा हात घालण्यात अर्थ आहे. हॉलीवूड आज नेमकं उलटं करतंय. जे पहिल्याच झटक्यात पूर्ण जमलं, लोकांच्या मनात पक्कं बसलं, तेच पुन्हा काढतंय. राहून गेलेल्या सिनेमांना नाव नसतं, आणि नाव नाही तर पैसे नाहीत. मूळ सिनेमा आणि रिमेक यांच्यातलं अंतरही कमी होत चाललंय. ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ 2010चा, त्याचा रिमेक 2025मध्ये, तोही मूळच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाने, डीन डब्लॉइसनेच केलेला. नीट केलाय, ड्रॅगनवर बसून पहिल्यांदा उडण्याचा प्रसंग आजही अंगावर काटा आणतो. पण तो काटा 2010मध्येच आला होता, आणि तो सिनेमा कुठेही जुना झालेला नाही. इतक्या गुणी माणसाची वर्षं यात गेली, त्या वर्षांत त्याने आपल्याला काय नवीन दिलं असतं? ‘मोआना’ तर 2016चा, आणि 2023मध्येच त्याच्या रिमेकची घोषणा झाली. शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणावं, तर इथे कढी शिळी व्हायचीही वाट पाहिलेली नाही.

आणि नवीन चालत नाही हे खोटं आहे. जॉर्डन पीलचा ‘गेट आउट’ 2017मध्ये 45 लाख डॉलरमध्ये बनला आणि 25 कोटींच्या वर गेला. 2025मध्ये रायन कूगलरने ‘सिनर्स’ आणला. 1932चं मिसिसिपी, जुळे भाऊ, ब्लूज संगीत आणि रक्तपिपासू पिशाच्चं, कुठल्याही जुन्या सिनेमाचा आधार नाही. त्यानेही 35 कोटींच्या वर कमाई केली. कूगलरने करारच असा केला की 25 वर्षांनी सिनेमाचे हक्क त्याच्याकडे परत येतील. हे वाचून मला फार बरं वाटलं. ‘बॅक टू द फ्यूचर’ची पटकथा एकेकाळी स्टुडिओ एकामागून एक नाकारत होते, 1985मध्ये तोच सिनेमा अमेरिकेत वर्षातला सर्वाधिक कमाईचा ठरला. त्याचा रिमेक अजून झालेला नाही, कारण दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि सहलेखक बॉब गेलच्या परवानगीशिवाय तो करता येत नाही आणि आपण जिवंत असेपर्यंत तो होऊ देणार नाही असं झेमेकिसने सांगून ठेवलंय. पुढच्या पिढीने रिमेक करावेत असं आज काही उरायचं असेल, तर कोणीतरी आज अशी नाकारली जाणारी पटकथा हातात घ्यायला हवी.

घ्यायचं की नाही? वार्षिक प्लॅन घेऊ नका. महिन्याचा घ्या, जोड्यांची यादी आधी करा, जुने सिनेमे त्यात आहेत का ते तपासा आणि मगच पैसे भरा. घरी मुलं असतील तर त्यांना जुना ‘लायन किंग’ आधी दाखवा. ‘द फ्लाय’ जेवताना लावू नका. मी दोन्हीपैकी एकच पुढे चालू ठेवणार आहे, तोही अधूनमधून. उरलेल्या पैशांत नव्या गोष्टीचा सिनेमा लागला की पहिल्याच शनिवार-रविवारी थिएटरला जायचं ठरवलंय, कारण स्टुडिओत आकडे बघतात ते त्या दोन-तीन दिवसांचेच. ‘सिनर्स’ घरच्या टीव्हीवर पाहिलात तर आवाज मोठा ठेवा. जुन्या लाकूड गिरणीत तरुण गायक सॅमी गायला लागतो तो प्रसंग साउंडबारवरसुद्धा छाती दणाणून सोडतो.