ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) आणि नंबर ३२ दुर्बीण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल इंग्लंडमध्ये फायरआर्म सर्टिफिकेटवर (बंदूक परवान्यावर) ठेवलेली आहे. .३०३ हे काडतूस तिथल्या कायद्यात अजून 'कालबाह्य' ठरलेले नाही, त्यामुळे भिंतीवर शोभेला टांगायची पुराणवस्तू म्हणून सूट मिळत नाही. आठ महिन्यांत साधारण चारशे गोळ्या झाडल्या, सगळ्या १०० ते ३०० यार्डांवर.

पैसे रायफलीला नाही, रायफल आणि तिच्या मूळ दुर्बिणीच्या जोडीला पडतात. बीएसए या बंदूक कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या चांगल्या नेमाच्या रायफली निवडून १९४२ पासून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कारागिरांकडे जायच्या. तिथे दुर्बिणीची बैठक बसवून प्रत्येक दुर्बीण त्या-त्या रायफलीशी जुळवली जाई. म्हणून विकत घेताना आधी आकडे वाचा, नळीत नंतर डोकावा. ब्रॅकेटवर, म्हणजे दुर्बीण धरून बैठकीला जोडणाऱ्या चौकटीवर, रायफलीचा नंबर हवा. दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर कोरलेला असतो, तो समोरच्या दुर्बिणीशी जुळला पाहिजे. दस्त्याच्या खालच्या बाजूला हॉलंडचा 'एस ५१' ठसा आणि बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाच्या) डाव्या अंगाला 'टी' शोधा. नुसत्या 'टी'वर विश्वास ठेवू नका, तो ठसा कुणालाही मारता येतो. मागच्या साइटचे लढाईचे छिद्र घासून काढलेले असते, कारण ते दुर्बिणीच्या आड येई, तेही तपासा. गालाखालची लाकडी फळी बदललेली असली तरी चालेल, ती सहज मिळते. जुळणारी दुर्बीण मिळत नाही.

दुर्बीण तीन पट मोठे दाखवणारी, मूळची ब्रेन या हलक्या मशीनगनसाठी आखलेली. नेम सरकवायला तिच्यावर क्लिक करत फिरणारे दोन ड्रम असतात, एक उंचीचा, एक वाऱ्याचा. मार्क १ वर उंचीचा एक क्लिक म्हणजे ५० यार्ड आणि वाऱ्याचा दोन मिनिटे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे नेमबाजाला हवे तिथे थांबताच येत नाही. मार्क २ वर दोन्ही एकेक मिनिटाचे झाले. पण झिरो (गोळी नेमाच्या बिंदूवरच पडेल अशी जुळणी) बसवताना ड्रम धरायचा, नट सैल करायचा, आतला स्क्रू फिरवायचा आणि रायफलही हलू द्यायची नाही. तीन हात लागतात, आणि वर खास पाना. मार्क ३ मध्ये ही कटकट गेली. रोज वापरायची असेल तर मार्क ३ घ्या. कपाटात ठेवायची असेल तर मार्क १.

मुख्य गोम दुर्बिणीतल्या नेमाच्या काडीची आहे. ड्रम फिरवला की टोकदार काडी आणि आडवी तार खरोखर जागची हलते, चित्राच्या मध्यावर राहत नाही. १०० यार्डांवर झिरो झाल्यावर काडी एका कडेला दिसत असेल, तर दुर्बीण त्या रायफलीची नाही, किंवा बैठक वाकडी बसवली आहे. ड्रमशी खेळून हा दोष जात नाही. विकणारा 'क्लिक पुरेसे आहेत' म्हणेल. काडी कुठे आहे ते दाखवायला सांगा.

चारशे गोळ्यांत खरी डोकेदुखी पुढच्या बैठकीची निघाली. तिचे स्क्रू धक्क्यांनी सैल होतात, आणि मग गोळ्यांचा गट कारणाविना वर-खाली भटकू लागतो. नेम बिघडला की दारूगोळ्याला दोष देण्याआधी ब्रॅकेट काढून बैठक अंगठ्याने हलवून पाहा. ब्रॅकेटचे दोन मोठे गुंडीस्क्रू आलटूनपालटून, हाताने घट्ट करा. पुन्हा चढवलेली दुर्बीण तशीच नीट बसते. मात्र बैठकीवर तेल-कचरा नको.

दुसरे कारण लाकडात. नंबर ४ च्या नळीला पुढच्या टोकाशी लाकडाचा थोडा वरचा दाब हवा असतो, साधारण दोन ते सात पौंड. जुने तेल प्यालेले किंवा आकसलेले लाकूड हा दाब सोडते. मागे बॉडी टेकते तिथली जागा झिजली की किंग स्क्रू (बॉडी लाकडाला जोडणारा मुख्य स्क्रू) कितीही आवळा, बॉडी हलतेच. हे काम जाणकार कारागिराकडेच द्या.

बोल्टहेडवर, म्हणजे बोल्टच्या सुट्या होणाऱ्या पुढच्या तुकड्यावर, ० ते ३ आकडा असतो. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि नळीच्या मागच्या टोकामधली काडतुसाच्या रिमची जागा) वाढली तर पुढचा आकडा लावून पाहतात, पण मापाच्या गेजशिवाय नाही: .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हावा, .०७४ वर होऊ नये.

दुर्बीण वरच बसत असल्याने चार्जर क्लिप (पाच काडतुसे एकदम भरायची पट्टी) चालत नाही, गोळ्या एकेक भराव्या लागतात. वरच्या काडतुसाची रिम (बुडाची कडा) खालच्याच्या पुढे राहील असे भरा, उलटे झाले की अडकलेच. १७४ ग्रेनची नवी काडतुसे समाधानकारक वाटली. जुने लष्करी कॉर्डाइट (त्या काळच्या दारूचे काडतूस) झाडले तर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओता, मग तेल. नुसत्या तेलाने प्रायमरचे (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीचे) क्षार जात नाहीत.

काचा सोडवून साफ करण्याचा मोह आवरा. काचा कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या असतात. कडेला पिवळट ढग दिसला तर बाल्सम सुटतो आहे, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. दोन्ही घरी दुरुस्त होत नाहीत, आणि किमतीतून वजा व्हायलाच हवीत. दुर्बिणीचा नंबर ८ चा पत्र्याचा डबा वेगळा मिळतो. तो सोबत दिला म्हणून जोडी अस्सल ठरत नाही.